अण्णांच्या गाडीचे दोन दिवे

अण्णांची मोटरसायकल पिंपळापासून आमच्या चाळीकडे वळली की नुसत्या आवाजावरून मला आणि आईला पुढचा तास कसा जाणार ते कळायचं. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निवांत घुरघुरत आली, तर अण्णा हातपाय धुऊन जेवतील आणि भिंतीकडे तोंड करून झोपतील. तिसऱ्या गिअरमध्ये ताणून, वळणावरही वेग कमी न करता आली, तर कंपनीत कुणीतरी काहीतरी बोललेलं असायचं आणि तो राग आईच्या अंगावर निघायचा. आई त्या वेळी शेगडीपुढे बसलेली असायची, नेहमी उजवा कान दाराकडे करून. डावा कान मी सहावीत असताना गेला. एका थपडेत गेला. दवाखान्यात तिने मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलं, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आजही राग येतो.

आम्ही मूळचे बीडकडचे. अण्णा चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीत हॅमरवर होते. लालभडक लोखंडाचा तुकडा चिमट्यात धरायचा आणि वरून हॅमर आदळू द्यायचा, असं दिवसभर. त्या आवाजात माणूस ओरडूनच बोलायला शिकतो म्हणे. पण त्याच खात्यात आणखी कितीतरी माणसं होती, आणि ती सगळी काही घरी जाऊन बायकोचं डोकं ट्रंकेवर आपटत नव्हती. त्यामुळे हॅमरला दोष देणाऱ्यांचं मी ऐकून घेत नाही.

आमची खोली पुनावळ्यात, पारूआत्यांच्या चाळीत. पारूआत्या तिथल्या जुन्या घरातल्या. जमिनी इमारतींखाली गेल्या, तरी म्हशी आणि बोलणं त्यांनी सोडलं नव्हतं. समोरासमोर सहा-सहा खोल्या, मधे अंगण, अंगणात एक नळ. कुणाच्या घरी आज काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक. आईने येसराची आमटी टाकली की पलीकडची कोकणातली वहिनी वाटी घेऊन यायची आणि जाताना म्हणायची, "तिखट किती घालता ओ तुम्ही!" वाटी मात्र चाटूनपुसून परत यायची. इतकी जवळीक, पण आमच्या खोलीत पहिला फटका वाजला की अकराच्या अकरा दारं आतून लागायची आणि टीव्हीचे आवाज वाढायचे. तीच आमच्या चाळीची रीत. आवाज वाढवला की आपल्याला काही ऐकू आलं नाही असं सकाळी नळावर म्हणता येतं. सकाळी आईच्या सुजलेल्या डोळ्याकडे बघून पारूआत्या एवढंच म्हणायच्या, "घरोघरी मातीच्या चुली, माय. आमी पन सोसलंच की." आणि आईची कळशी आधी भरू द्यायच्या.

बारावीनंतर मी चाकणलाच हार्नेसच्या कंपनीत लागले. हार्नेस म्हणजे गाडीच्या आत असते ती सगळ्या वायरींची जुडी. आमची लाईन पूर्ण बायका-मुलींची. प्रत्येक वायरच्या टोकावर पितळी टर्मिनल दाबून बसवायचं, त्याला क्रिम्प म्हणतात, आणि दाबून झालं की बोटांत धरून एकदा ओढून बघायचं. क्रिम्प वरून चांगली दिसते आणि आतून सुटलेली असते. ते डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. आमच्या सुपरवायझर मॅडम पाठीमागून फिरताना दोनच शब्द बोलायच्या, "ओढून बघितली?" महिनाभरात आमच्या बोटांना इतकी सवय लागली की मी आईचा पदर, दाराची कडी, पोह्यांच्या पुड्याचा दोरा, जे हाताला लागेल ते ओढून बघायची. आता केसांत पांढरं दिसायला लागलं, आता मीच नव्या मुलींच्या मागे तेच दोन शब्द घेऊन फिरते, आणि आई माझ्याकडे रावेतला सहाव्या मजल्यावर बसून म्हणते की तू उद्या जावयालासुद्धा ओढूनच बघशील.

त्या हिवाळ्यात धुकं फार पडलं. अण्णांची आणि माझी पहिली शिफ्ट. पहाटे आम्ही एकाच गाडीवर निघायचो, रावेतच्या नाक्यावर ते मला कंपनीच्या बसपाशी सोडायचे आणि पुढे देहूरोडवरून चाकणकडे जायचे. गाडीचा मूळचा दिवा म्हणजे देवघरातली समई. एकदा खड्डा दिसला नाही, गाडी आडवी झाली, अण्णांचा गुडघा फुटला. त्याची शिक्षा त्या संध्याकाळी आईला झाली, कारण तिने निघताना मागून हाक मारली होती. दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "तू वायरीच्याच कंपनीत हायस ना? मग दोन लाइट बसवून दे की गाडीला. का नुसतीच मिरवायलीस?"

देहूरोडच्या बाजारात रशीदचाचांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, आणि टेस्टर कानाला पेन्सिलीसारखा. त्यांनी दोन एलईडी दिवे काउंटरवर ठेवले, बोटभर जाडीचे, पण चालू केले तेव्हा मी मान फिरवली. "बेटा, रिले लाव," ते म्हणाले. "डायरेक्ट बटनावर घेतलंस तर बटन जळून जाईल. आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, हां. फिटिंग झालं की गाडी एकदा इकडे आण, मी बघून देतो." मी हो म्हटलं आणि मनात म्हटलं, यात बघायचं काय? दिवसाला शेकडो वायरी माझ्या हातांखालून जातात. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासारख्यांना बघूनच म्हटलं असणार.

गुरुवारी सुट्टी. आमच्या पट्ट्यात कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. सकाळपासून मी अंगणात गोणपाट टाकून बसले. सीट काढली, टाकी उचलली, मूळच्या वायरींना हात न लावता त्यांच्या कडेने माझी जुडी नेली, जागोजागी टेप गुंडाळली. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून पुढे दोन दिवे, आणि हँडलवर एक बटन. आत आई भाकरी थापत होती. तो आवाज मला फार आवडायचा. तळहाताचा असा आवाज घरात दुसऱ्या कशाचाही येऊ शकतो हे माहीत असल्यामुळे जास्तच आवडायचा.

दिव्यांच्या अर्थिंगच्या वायरीपाशी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरीपाशी, मी थांबले. अर्थिंग सुटलं की दोन्ही दिवे एकदम जातात. मूळच्या दिव्याचं अर्थिंगही मी तिथेच घेतलं, तर तोही जाईल. रावेतच्या उतारावर, धुक्यात, समोरून डंपर येत असताना, एका धक्क्यात सगळा अंधार. मी उगाच शब्द फिरवत नाही. माझ्या मनात अण्णांना मारून टाकायचं आलं. त्यांच्या मागे मीच बसलेली असणार हेसुद्धा आलं, आणि तेव्हा त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मी टर्मिनल अर्धवट दाबलं. वरून अगदी छान दिसत होतं. मॅडमसुद्धा फसल्या असत्या. आणि मग माझ्या बोटांनी मला न विचारता वायर धरली आणि ओढली. ती सुटून हातात आली. मी तिच्याकडे बघत बसले. मग नवं टर्मिनल घेतलं, पूर्ण दाबलं, दोनदा ओढलं, आणि मूळच्या दिव्याचं अर्थिंग होतं तिथेच राहू दिलं. दया आली म्हणून नव्हे. बोटं खोटं काम करायला तयार झाली नाहीत, एवढंच.

दिवे मी पुढच्या लेगगार्डला, आडव्या पट्टीवर कसले. सरळ, ताठ, दोन्ही एका रेषेत. आमच्या लाईनवर शेवटी टेस्ट-बोर्ड असतो. जुडी त्याला जोडायची, बोर्डावरचे बल्ब पेटले की ओके, शिक्का, पेटीत भरा. उजेड पुढे कुठे जातो हे आमच्यापैकी एकीनेही कधी बघितलं नव्हतं. आम्ही बनवलेल्या जुड्या कितीतरी गाड्यांत फिरत होत्या, पण गाडी म्हणून आम्ही बघितली ती कंपनीची बस. अशा दिव्याचं तोंड जमिनीकडे झुकवायचं असतं, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातं, ही शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट मला कळली नाही. दिवे पेटले, मी खूश. अण्णांनी बटन तीनदा चालू-बंद केलं, भर दुपारी. म्हणाले, "जमलंय." माझ्या आयुष्यातली त्यांची ती पहिली शाबासकी. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं होतं की पिंपळ दिसेना. अण्णांनी बटन दाबलं आणि पुढचं सगळं पांढरं झालं. रावेतच्या अलीकडे, नव्या इमारतींच्या पत्र्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर समोरून दुधाच्या कॅनचा पिकअप आला. त्याने दोनदा दिवा मारला. अण्णांनी बंद केले नाहीत. तिसऱ्यांदा मारला. अण्णा ओरडले, "तूच बंद कर की!" पिकअप डगमगला, डावीकडे गेला, पुढचं चाक गटारात उतरलं आणि कॅन एकमेकांवर आदळून रस्त्यावर पडले. दूध वाहत आमच्या टायरांपर्यंत आलं.

तिघं उतरले. ड्रायव्हर जाडजूड, डोळे चोळतच आला. "डोळे फोडतो का रे? दिसत नाय काय मला, भोसडीच्या! लाइट खाली कर!"

"नीट बोल," अण्णा म्हणाले. "रस्ता काय तुझ्या बापाचा हाय का?"

बापाचं नाव निघालं आणि पहिली बसली. मागच्याने पिकअपमधून दांडकं आणलं, कॅनचं झाकण उचकटायचं असतं तसलं. अण्णांच्या पोटरीवर बसलं, मग पाठीवर. अण्णा हॅमरवरचा माणूस, त्यांनी एकाला धरून पत्र्यावर आपटलंही, पण तिघांपुढे किती टिकणार? त्यांना खाली पाडलं. लाथा सुरू झाल्या. नाकातून रक्त आलं, ते दुधात मिसळलं. दिवे चालूच होते, त्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं.

मी गाडीजवळ उभी होते आणि मला बरं वाटत होतं. हे मी कुणालाही सांगितलं नाही, आईलाही नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय. प्रत्येक लाथेला मी मनात आणखी एक म्हणत होते. ही कानाची. ही ट्रंकेची. ही हाक मारल्याची. दांडकंवाल्याने डोक्यावर उगारलं, आणि तेव्हा अण्णांनी दोन्ही कोपरं वर घेतली, गुडघे पोटाशी ओढले, मान खांद्यांत घातली आणि चेहरा उजवीकडे वळवून जमिनीत लपवला. तशीच्या तशी आई. कोपरं तशीच, मान तशीच. इतकी वर्षं मला वाटायचं की तसं गोळा होणं हा आईचा स्वभाव आहे. तो कुणाचाच स्वभाव नव्हता.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. "सोडा! मरतील ते, सोडा!" मी मधे गेले, एक फटका माझ्या मनगटावर बसला. ड्रायव्हरने दांडकंवाल्याला मागे ओढलं. "पोरगी हाय सोबत, सोड भावा." मग माझ्याकडे बघून धापा टाकत म्हणाला, "बाप हाय का तुझा? मग सांग त्याला, लाइटचं तोंड खाली ठेवत जा. आज आमी गटारात गेलो, उद्या कोनतरी ह्याच्या अंगावरच घालील." तेव्हा मला कळलं की चूक कुणाची होती.

अण्णा उठले. रुमालाने नाक दाबलं. "घरी बोलायचं न्हाई," एवढंच म्हणाले, आणि मला बसपाशी सोडून तशा अवस्थेत कामावर गेले. मी दिवसभर लाईनवर क्रिम्प ओढत राहिले आणि मनगट सुजत गेलं. खात्यात त्यांना लोक काय म्हणाले असतील ते मला न ऐकताही ऐकू येत होतं. कुणी धुतलं राव? वहिनींनी का?

मी बसने आधी घरी आले. आईला सगळं सांगितलं, फक्त बरं वाटल्याचं सोडून. तिने हळद गरम करून माझ्या मनगटावर लावली आणि दुसऱ्या वाटीत अण्णांसाठी काढून ठेवली. दिवेलागणीला पिंपळापाशी गाडीचा आवाज आला. तिसरा गिअर. आईने उजवा कान दाराकडे केला आणि शेगडी बंद केली, कारण उकळतं भांडं जवळ नको.

अण्णांनी गाडी नेहमीसारखी थेट दारापुढे, तोंड दाराकडे करून लावली आणि आत आले. ओठ फाटलेला, एक डोळा बंद. "मुद्दाम केलंस तू," मला म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांपुढे ती सुटून हातात आलेली वायर आली. माझा गप्पपणा त्यांनी बरोबर ओळखला. "बापाला मारायला निघालीस?" त्यांनी कमरेचा पट्टा काढला. पहिला माझ्या खांद्यावर बसला. दुसऱ्याला आई मधे आली. त्यांनी मला दंडाला धरून अंगणात फेकलं, दार ओढून घेतलं, आणि आत पट्टा चालू झाला.

अकरा दारं लागली. टीव्हीचे आवाज वाढले. कुणाच्यातरी घरात क्रिकेटची मॅच, कुणाकडे जाहिरात. आतून आईचा आवाज येत नव्हता, ती कधीच ओरडायची नाही, फक्त पट्ट्याचा आणि भांडी पडल्याचा. मी दारावर धक्के दिले. मग मागे वळले आणि गाडीला किल्ली तशीच दिसली.

दाराची कडी अण्णांनीच दिवाळीत लाथ मारून खिळखिळी केली होती. मी किल्ली फिरवली, दिव्यांचं बटन दाबलं आणि दारावर सगळं अंग टाकलं. कडी निखळली, दार भिंतीवर आपटलं. माझे ते ताठ, सरळ, चुकीचे लावलेले दिवे बरोबर माणसाच्या उंचीवर आत घुसले. खोलीत कोपरासुद्धा अंधारात राहिला नाही. एका हातात आईचे केस, दुसरा हात पट्ट्यासकट वर. मी मागे गाडीपाशी येऊन हॉर्न दाबला आणि अंगठा काढलाच नाही.

पहिलं दार कोकणातल्या वहिनीचं उघडलं. मग शेजारचं. मग सगळी. हॉर्नचं काय झालं म्हणून लोक बाहेर आले आणि आमच्या खोलीकडे बघत उभे राहिले. आता कुणाला म्हणता येईना की दिसलं नाही. अण्णांनी पट्टा टाकला आणि डोळ्यांवर कोपर आडवं घेतलं. "बंद कर!" ते ओरडले. "बंद कर म्हनतो ना!" पण पुढे यायला त्यांना रस्ता दिसत नव्हता.

पारूआत्या म्हशीची धार अर्धी टाकून आल्या, हातात चरवी तशीच. दारात उभ्या राहिल्या, आत बघितलं, बराच वेळ बघितलं. "माणिक," त्या अण्णांना म्हणाल्या, "केस सोड तिचं. समदी चाळ बगतीया. मी बी बगतीया." मग हळू आवाजात आईला म्हणाल्या, "लई उशीर केला गं आमी. ये भायेर."

अण्णांची मूठ सुटली. आई भिंतीला धरून उभी राहिली. पदर सारखा केला. पडलेली हळदीची वाटी उचलून फळीवर ठेवली, तेवढ्यातही. मग त्या उजेडात एकेक पाऊल टाकत, उंबरा ओलांडून, सगळ्यांच्या देखत बाहेर आली. कपाळावर रक्त होतं. ती सरळ गाडीपाशी आली आणि हँडलवर हात ठेवून मला म्हणाली, "बंद कर गं आता. बॅटरी उतरंल. सकाळी त्यांना शिफ्टला जायचंय."

"उतरू दे," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या डाव्या बाजूला होते, तिला ऐकूच गेलं नव्हतं. मी गाडीला वळसा घालून तिच्या उजव्या कानापाशी गेले आणि पुन्हा म्हटलं, "उतरू दे, आई."